डीपीटीला सहा ठिकाणांहून नकार, एका ठिकाणी वेटलिस्ट. पुढे काय करावं?

शेवंती

नमस्कार मंडळी. लेकीच्या वतीने विचारते आहे, तिच्या संमतीनेच. आम्ही अमेरिकेत असतो. तिने इथेच कायनेसिऑलॉजीत (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) बॅचलर्स केलं, गेल्या मे महिन्यात पदवी मिळाली. फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटसाठी म्हणजे डीपीटीसाठी यंदा सात कॉलेजांना अर्ज केले. सहांनी इंटरव्ह्यूलाच बोलावलं नाही. सातव्याने बोलावलं आणि वेटलिस्टवर ठेवलं.

तिचे आकडे असे. पीटीकॅसने (डीपीटी अर्जांची सामायिक ऑनलाइन व्यवस्था) काढलेला एकूण जीपीए, म्हणजे 4 पैकी ग्रेडची सरासरी, 3.05, क्रेडिट 128. विज्ञानाच्या प्रीरेक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण असावे लागणाऱ्या) विषयांचा जीपीए 2.84, क्रेडिट 32. त्यात फिजिक्स वनला सी आणि अॅनाटमी-फिजिऑलॉजी टूला सी प्लस, दोन्ही चार-चार क्रेडिटचे. शेवटच्या 60 क्रेडिटचा जीपीए 3.2. ऑब्झर्वेशनचे, म्हणजे थेरपिस्टचं काम जवळून बघण्याचे 60 तास, सगळे एकाच आउटपेशंट क्लिनिकमधले. जीआरई दिलेली नाही, कारण ज्यांना लागत नाही अशीच कॉलेजं निवडली होती. अर्ज नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला.

घरात चार मतं आहेत. पुन्हा अर्ज करावा. दोन वर्षांचा पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा कोर्स करून कामाला लागावं. एक्सरसाइज सायन्समध्ये मास्टर्स करून जीपीए वर काढावा. आणि आजीचं मत, की भारतात जाऊन बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) करावं. तिची स्वतःची इच्छा पीटी म्हणजे फिजिकल थेरपिस्ट व्हायचीच आहे. यातलं काय व्यवहार्य आहे, आणि पुन्हा अर्ज करायचा तर नेमकं काय बदलायचं?

मणका

शेवंतीताई, चारही मतं जरा बाजूला ठेवा आणि आधी अर्ज कुठल्या पायरीवर अडला ते पाहा. सहा ठिकाणी इंटरव्ह्यूच नाही, म्हणजे तो कागदावरच बाद झाला. एका ठिकाणी बोलावणं आलं आणि नकार न देता वेटलिस्टवर ठेवलं, म्हणजे मुलगी समोर बसून बोलली तेव्हा ठीक वाटली. तेव्हा इंटरव्ह्यूच्या शिकवणीवर सध्या एक डॉलरही घालवू नका. दोष तीन ठिकाणी असू शकतो: विज्ञानाचे गुण, कॉलेजांची निवड, अर्जाची तारीख. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तिन्ही ठिकाणी आहे.

गुणांचं गणित उलगडून मांडतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. पीटीकॅसमध्ये विषय पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरले जातात. तुमच्या विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टवर जुना ग्रेड जीपीएतून वगळला असला तरीही. 32 क्रेडिट गुणिले 2.84 म्हणजे साधारण 90.9 गुण. फिजिक्स वन आणि फिजिऑलॉजी हे दोन्ही पुन्हा करून ए (4) मिळवला तर 8 क्रेडिट गुणिले 4, म्हणजे 32 गुणांची भर पडते: 122.9 भागिले 40, म्हणजे 3.07. तेच दोन विषय पुन्हा करून बी (3) मिळाला तर 114.9 भागिले 40, म्हणजे 2.87. उन्हाळाभर राबून तीन शतांश! म्हणून पुन्हा करायचा विषय एकावेळी एकच घ्या आणि त्यात ए मिळेल इतकाच बाकीचा भार ठेवा. आठवड्याला 35 तास नोकरी आणि सोबत दोन लॅबचे विषय, हा बेत हमखास बीवर येऊन थांबतो.

आता दुसरी बाजू. पीटीकॅस काहीही मोजो, कित्येक कॉलेजं निवडीसाठी स्वतःचं वेगळं गणित करतात. काही जण पुन्हा केलेल्या विषयाचा वरचा ग्रेडच धरतात. तसं असेल तर वरच्या उदाहरणात सी आणि सी प्लसचे 17.2 गुण निघून जातात, ए चे 32 येतात, आणि त्याच 32 क्रेडिटवर जीपीए 3.30 होतो. 3.07 आणि 3.30 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फक्त कॉलेज निवडण्यावर ठरतो. काही कॉलेजं शेवटचे 45 किंवा 60 क्रेडिट बघतात. तिथे तर हिशोब आणखी सोपा आहे. तिने वर्षभरात 24 क्रेडिट ए ने केले, तर 24 गुणिले 4 म्हणजे 96, अधिक आधीच्या 36 क्रेडिटचे 3.2 ने 115.2. बेरीज 211.2, भागिले 60, म्हणजे 3.52. एकूण जीपीए मात्र त्याच 24 क्रेडिटने 3.05 वरून जेमतेम 3.20 वर सरकतो. 128 क्रेडिटचं ओझं हलत नाही. शेवटच्या क्रेडिटमध्ये पदवीनंतरचे आणि कम्युनिटी कॉलेजमधले विषय धरतात का, हे मात्र प्रत्येकाला विचारावं लागेल.

म्हणून पहिलं काम: 25-30 कॉलेजांचा तक्ता. रकाने असे ठेवा: जीपीए कसा मोजतात (सरासरी, वरचा ग्रेड की शेवटचे 60), किमान किती मागतात, गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची सरासरी किती, बाहेरच्या राज्यातले किती घेतात, विज्ञानाचे विषय किती वर्षं जुने चालतात, ऑनलाइन लॅब चालते का, आणि अर्ज येतील तसे बघतात की मुदत संपल्यावर एकत्र. किमान 3.0 लिहिलेलं वाचून 3.05 वाल्यांनी खूश होऊ नये. किमान ही चाळणी असते. स्पर्धा सरासरीशी असते. तिचा सुधारलेला आकडा ज्यांच्या सरासरीच्या 0.15 च्या आत येतो अशी आठ-दहा ठिकाणं निवडा, आणि त्याहून वरच्या सरासरीची दोन.

दुसरं काम या आठवड्यातच: सहाही कॉलेजांना तिने स्वतः मेल लिहावा. आई-वडिलांनी नाही, प्रवेश कार्यालयं अर्जदाराशीच बोलतात. ‘माझ्या अर्जात काय कमी पडलं?’ असा मोघम प्रश्न विचारला की ‘यंदा स्पर्धा जास्त होती’ असं छापील उत्तर येतं. बंद प्रश्न विचारायचे. माझा अर्ज किमान अटींवर बाद झाला की क्रमवारीत मागे पडला? विषय पुन्हा केल्यास तुम्ही सरासरी धरता की वरचा ग्रेड? अमुक कॉलेजचा अमुक क्रमांकाचा फिजिक्स कोर्स चालेल का? ऑब्झर्वेशनमध्ये इनपेशंट तास नसल्याने गुण गेले का? चार प्रश्न, सात-आठ ओळी, विषयाच्या जागी अर्जाचा पीटीकॅस क्रमांक. सहापैकी दोघा-तिघांनी नीट उत्तर दिलं तरी वर्षाचा आराखडा त्यावर बसतो. आणि कोर्स चालेल हे उत्तर लेखीच घ्या. फोनवर ‘हो’ म्हणणारी व्यक्ती पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

पाऊलवाट

मणका यांनी मूळ मुद्दा मांडलाच आहे. मी उरलेल्या वाटांबद्दल लिहिते.

पीटीए ही चांगली नोकरी आहे, पण पीटी होण्याची ती पायरी नाही. कृपया या गैरसमजातून तिकडे वळू नका. पीटीए ही असोसिएट पदवी असते, साधारण दोन वर्षं, तिची लायसन्सची परीक्षा वेगळी. बॅचलर्स असल्याने इंग्रजी, मानसशास्त्र असे सामान्य विषय माफ होतात, तरी तांत्रिक विषय ठरलेल्या क्रमानेच चालतात, त्यामुळे वेळ फारसा वाचत नाही. त्या तांत्रिक विषयांचे क्रेडिट डीपीटीच्या प्रीरेक्विझिटमध्ये सहसा धरले जात नाहीत. पीटीएवरून पीटीकडे नेणारे ब्रिज कोर्स देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. रुग्णासोबत प्रत्यक्ष काम हवं आहे, पण मूल्यमापन, निदान आणि उपचारांचा आराखडा ही जबाबदारी नसली तरी चालेल, असं तिला मनापासून वाटत असेल तर पीटीए उत्तमच. कामगार सांख्यिकी विभागाच्या मे 2023 च्या आकड्यांत पीटीचा मध्यम वार्षिक पगार 99,710 डॉलर आणि पीटीएचा 64,080 डॉलर होता. डीपीटीची तीन वर्षं आणि त्याचं कर्ज समोर ठेवून हा फरक बघा, तो वाटतो तितका मोठा राहत नाही.

जीपीए वर काढण्यासाठी मास्टर्स करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीटीकॅस पदवीपूर्व आणि पदव्युत्तर जीपीए वेगवेगळे दाखवतं. मास्टर्समध्ये 3.9 मिळाला तरी फिजिक्सचा सी जिथल्या तिथे राहतो, आणि चाळणी लागते ती तिथेच. तोच पैसा आणि वेळ कम्युनिटी कॉलेजमधल्या चार नेमक्या विषयांत जास्त काम करतो.

न बोललेला एक पर्याय सुचवते: ऑक्युपेशनल थेरपी. त्यात अजूनही मास्टर्सवर लायसन्सची परीक्षा देता येते, डॉक्टरेट सक्तीची नाही. बहुतेक ठिकाणी फिजिक्स लागत नाही. अॅनाटमी-फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स तिचे झालेलेच असतील, वर मानवी विकासाचं मानसशास्त्र, अॅबनॉर्मल सायकॉलॉजी आणि समाजशास्त्रासारखा एखादा विषय लागतो. काम मात्र वेगळं आहे. पक्षाघातानंतर रुग्ण चालायला कसा लागेल हे पीटी बघते. तोच रुग्ण एका हाताने शर्टाची बटणं कशी लावेल, न्हाणीघरात कसा वावरेल हे ओटी बघते. दोन-तीन दिवस ओटीच्या मागे उभं राहून बघितल्याशिवाय हो किंवा नाही ठरवू नये.

आता पैशांचं. 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. ग्रॅज्युएट अभ्यासक्रमांना वर्षाला 20,500 डॉलर आणि एकूण एक लाखाची मर्यादा, तर प्रोफेशनल म्हणून ठरलेल्या पदव्यांना वर्षाला 50,000 आणि एकूण दोन लाखांची. डीपीटी कुठल्या गटात धरतात हे प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या. वर्षाला 20,500 च्या गटात असेल तर उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा घरातून उभी करावी लागेल. म्हणून तक्त्यात राज्यातल्या सरकारी विद्यापीठांची फी हा रकाना पहिल्या तीनांत ठेवा.

शेवंती

मणका, पाऊलवाट, दोघांचे मनापासून आभार. लेकीने तुमचं दोघांचं वाचलं आणि रात्री बसून तक्त्याला सुरुवातही केली. मास्टर्सचा विषय घरात संपला. आता तीन शंका: वेटलिस्टवर काही करता येतं की नुसती वाट बघायची? तास आणि एसे कसे सुधारायचे? आणि भारतातल्या बीपीटीएचबद्दल आजीला काय सांगू?

उंबरठा

तास, एसे आणि अर्ज भरण्याबद्दल मी सांगतो.

60 तासांपेक्षा एकच क्लिनिक ही मोठी अडचण आहे. आउटपेशंटमध्ये गुडघे, खांदे, कंबर दिसतात. आयसीयूतून बाहेर आलेल्या रुग्णाला पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवताना काय काय बघावं लागतं ते तिथे दिसत नाही. तिने 40 तास हॉस्पिटलमध्ये, 30 तास स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत किंवा इनपेशंट रिहॅबमध्ये आणि जमल्यास 15-20 तास लहान मुलांच्या थेरपीत काढावेत. हॉस्पिटलचा अर्ज आजच टाका. टीबीची चाचणी, लशींचे दाखले, पार्श्वभूमी तपासणी आणि गोपनीयतेचं प्रशिक्षण यांत सहा-आठ आठवडे सहज जातात. तास लायसन्स असलेल्या पीटीच्या हाताखालचेच हवेत. पीटीएसोबतचे तास अनेक कॉलेजं धरत नाहीत. दर शुक्रवारी वहीत तारीख, विभाग, तास आणि पीटीचं नाव लिहून त्यांची सही घ्यावी. वर्षभरानंतर सही मागायला गेलं की ती पीटी नोकरी सोडून गेलेली असते आणि तास हवेत विरतात.

रिहॅब एड (थेरपी विभागातला मदतनीस) म्हणून पगारी काम मिळालं तर फारच छान. टेबलं पुसणं, हॉट पॅक काढणं, टॉवेल धुणं असंच काम जास्त असतं, पण तीन-चार महिने रोज बघणारी पीटी जे पत्र लिहिते ते वीस तास मागे उभ्या राहिलेल्या मुलीसाठी कोणी लिहू शकत नाही. पत्रं यंदा नव्यानेच मागवा. पत्र लिहिणाऱ्याला तिच्या कामाचे दोन ठोस प्रसंग लिहून द्यावेत, नाहीतर ‘मेहनती आणि वक्तशीर’ यापलीकडे पत्र जात नाही.

एसेला मोकळ्या जागांसह 4,500 अक्षरांची मर्यादा आहे. ‘खेळताना मला दुखापत झाली, पीटीने बरं केलं, म्हणून मला पीटी व्हायचंय’ ही सुरुवात वाचणाऱ्यांनी असंख्य वेळा वाचलेली असते. त्याऐवजी एकच रुग्ण घ्यावा, नाव न देता. उदाहरणार्थ, पक्षाघाताच्या रुग्णाला पलंगावरून उठता येत नाही. पीटी आधी पलंग दोन इंच वर घेते, कारण बैठक गुडघ्यांपेक्षा वर आली की उठायला मांड्यांना कमी जोर लागतो. मग पावलं मागे ओढायला सांगते आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायला लावते. तिसऱ्या प्रयत्नाला रुग्ण उठतो, तेव्हा ती पलंग पुन्हा एक इंच खाली करते. हे टिपणाऱ्या मुलीला या कामातला विचार कळला आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. सी प्लसचा उल्लेख करायचाच तर दोन वाक्यांत: काय चुकलं, आणि पुन्हा करताना अभ्यासाची पद्धत कशी बदलली. सबबी नकोत.

तारखांचा भाग कंटाळवाणा आहे, पण यंदा घात झाला असेल तो इथेच. पीटीकॅस साधारण जूनच्या मध्यात उघडतं. अर्ज सबमिट करणं आणि तो तपासून पूर्ण होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये काही आठवडे जाऊ शकतात. नोव्हेंबरच्या शेवटी टाकलेला अर्ज येतील तसे बघणाऱ्या कॉलेजात पोचतो तेव्हा इंटरव्ह्यूच्या बऱ्याच जागा वाटल्या गेलेल्या असतात. उन्हाळ्यात फिजिक्स संपवा, ऑगस्टमध्ये ग्रेड हातात आला की ट्रान्सक्रिप्ट मागवा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज पाठवा. शरद सेमिस्टरचे विषय ‘चालू’ म्हणून भरा आणि ग्रेड लागल्यावर अपडेट करा.

अर्ज अडकण्याची नेहमीची कारणं: शाळेत असताना घेतलेल्या एखाद्या कॉलेज क्रेडिटचं ट्रान्सक्रिप्ट राहून जातं (एकही कॉलेज सुटलं की तपासणी थांबते), विषयाचं नाव किंवा क्रेडिट ट्रान्सक्रिप्टपेक्षा वेगळं भरलं जातं आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, ट्रान्सक्रिप्ट रजिस्ट्रारकडून थेट न जाता विद्यार्थ्याने स्वतः चढवलेलं असतं. ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून, अक्षर न अक्षर जुळवून भरावं. दोन संध्याकाळी जातात.

मणका

उरलेल्या दोन शंका.

वेटलिस्ट: नुसती वाट बघू नका. तिने एक मेल लिहावा की जागा मिळाल्यास नक्की येईन (खरंच जायचं असेल तरच), सोबत नवे तास किंवा चालू विषय कळवावेत. शिवाय यादीतला क्रमांक सांगतात का आणि यादी कधीपर्यंत चालू राहते, हे विचारावं. डिपॉझिटच्या मुदतीनंतर यादी हलते, आणि वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यापर्यंतही फोन येऊ शकतो. तोवर उन्हाळी फिजिक्सची नोंदणी रद्द करू नका. फोन आलाच तर आठवड्याभरात घर बदलण्याची तयारी आणि डिपॉझिटची रक्कम हाताशी ठेवा.

काही नवी कॉलेजं कॅप्टेकडून (पीटीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मिळालेल्या ‘कँडिडेट’ दर्जावर चालतात आणि त्यांना उशिरा विद्यार्थी हवे असतात. कँडिडेट म्हणजे पूर्ण मान्यता नव्हे. पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत मान्यता मिळाली नाही तर लायसन्सच्या परीक्षेला बसणंच अडतं. जुन्या कॉलेजांचं बघताना त्यांच्या वेबसाइटवर परीक्षेचा निकाल बघा. अखेरच्या उत्तीर्णतेची दोन वर्षांची सरासरी किमान 85 टक्के असावी अशी कॅप्टेची अट आहे. त्याच पानावर किती विद्यार्थी मधेच सोडून गेले तेही बघा. उत्तीर्णता 98 टक्के आणि गळती मोठी, असं असेल तर कमजोर विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत.

बीपीटीएच: आजींना सांगा की तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात होईल, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं. परत आल्यावर ती पदवी इथल्या डीपीटीच्या शिक्षणाशी समकक्ष आहे का याची विषयागणिक छाननी होते. हे काम करणाऱ्यांत एफसीसीपीटी ही मुख्य संस्था. काही कमी निघालं तर इथे विषय भरून काढायचे, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. पुढच्या वर्षी इथे प्रवेश मिळाला तर मुलगी चार वर्षांत पीटी होते. भारतात काम करायचं असेल तर बीपीटीएच योग्य आहे. अमेरिकेत करायचं असेल तर लांबचा वळसा आहे.

एक मर्यादा मात्र आजच कागदावर लिहून ठेवा. फिजिक्स आणि फिजिऑलॉजीपैकी पहिल्या विषयात ए आला नाही, तर दुसरा घेण्याआधी ओटीच्या विभागात तीन दिवस काढायचे. ऑगस्टमध्ये ग्रेड लागेल, शरद सेमिस्टरची नोंदणी तेव्हा अजून उघडी असते.